नाशिक महापालिकेत कोणता अधिकार कोणाचा? पावसाळी गटारीच्या निमित्ताने सविस्तर उत्तर

पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉलनी रस्त्याला पावसाळी गटार नाही, दर पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी शिरतं. नगरसेवक म्हणतात, ‘महासभेत ठराव झालाय.’ विभागीय कार्यालय म्हणतं, ‘निधी नाही.’ महापौर कार्यालयात गेलं तर ‘फाईल आयुक्तांकडे आहे’ असं उत्तर मिळतं. मग शहराचा मालक कोण? सचिवांचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याचं म्हणणं, तिकडे प्रत्येक शहराचा स्वतःचा चार्टर असतो आणि कोणाचं काम काय हे त्यात लिहिलेलं असतं. नाशिकचं असं काही आहे का?

आहे. पण ते नाशिकने स्वतःसाठी लिहिलेलं नाही, आणि तुमच्या निम्म्या अडचणींचं मूळ तिथेच आहे.

नाशिकचा कारभार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 प्रमाणे चालतो. याचं जुनं नाव मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, म्हणून जुने कर्मचारी अजून ‘बीपीएमसी ॲक्ट’ म्हणतात. मुंबईचा 1888 चा स्वतंत्र कायदा सोडला तर पुणे, नागपूर, मालेगाव, नाशिक अशा सगळ्या महापालिकांना हा एकच कायदा लागू आहे. नाशिकची नगरपालिका 1864 ची. महापालिका झाली 7 नोव्हेंबर 1982 रोजी, आणि पहिली निवडणूक व्हायला 1992 उजाडलं. मधली दहा वर्षं लोकनियुक्त सभागृहाशिवाय गेली. लोकांनी निवडलेल्या सभागृहाशिवायही महापालिका कायद्याने चालू शकते, हे तिथेच दिसलं. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुन्हा तेच घडलं. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. प्रस्ताव पाठवणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. माझ्या मते कुठल्याही शहरासाठी ही अतिशय वाईट अवस्था आहे. कायद्याने जाणूनबुजून वेगळे ठेवलेले दोन हात त्या काळात एक होतात आणि प्रश्न विचारायला सभागृहात कोणी उरत नाही.

तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यात एक फरक आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत शहरातले मतदार स्वतःचा चार्टर मतदानाने मंजूर करतात. मिसुरी राज्याने 1875 च्या संविधानात ही मुभा दिली आणि सेंट लुईस त्यातलं पहिलं शहर. ओहायोतल्या डेटनने 1913 च्या महापुरानंतर नवा चार्टर करून व्यावसायिक ‘सिटी मॅनेजर’ नेमला. आपल्या आयुक्तांचं काम पाहिलं तर ते या मॅनेजरच्या जवळचं आहे. मात्र डेटनचा मॅनेजर तिथली नगरपरिषद नेमते आणि नको झाला तर तीच काढते. आपला आयुक्त राज्य शासन नेमतं. सभागृहापुढे तो उत्तरदायी असतो, पण त्याची नेमणूक आणि बदली दोन्ही मंत्रालयात ठरतात.

आपल्या अधिनियमाच्या कलम 4 मध्ये महापालिकेची प्राधिकरणं दिलेली आहेत: महासभा म्हणजे सर्व नगरसेवकांचं सभागृह, ठेके आणि अंदाजपत्रक पाहणारी नगरसेवकांची स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, आणि परिवहन उपक्रम असेल तर त्याची यंत्रणा. या यादीत महापौर नाहीत, हे बऱ्याच नगरसेवकांनाही ठाऊक नसतं. महापौर महासभेचे अध्यक्ष असतात, अडीच वर्षांसाठी निवडले जातात, महापालिकेचं कोणतंही दप्तर पाहू शकतात, मतं समसमान पडली तर निर्णायक मत देतात. पण एखाद्या रस्त्याचं काम सुरू करा असा आदेश काढण्याचा अधिकार त्यांना नाही. त्यामुळे महापौरांना निवेदन देऊन फोटो काढला तरी तुमची फाईल एक टेबलसुद्धा पुढे सरकत नाही. महापौरांनी विषय महासभेच्या विषयपत्रिकेवर घ्यायला लावला, तर सरकते. निवेदनात तेवढीच मागणी करा.

कलम 67 हे या कायद्याचं हृदय आहे. शहराचा कारभार महासभेत निहित, आणि कायद्याची अंमलबजावणी करण्याचा संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. ठरवायचं सभागृहाने, करायचं आयुक्तांनी. बोलायला हे सोपं, पण सगळी भांडणं यांच्यामधल्या रेषेवर होतात. त्या रेषेचं नाशिकमधलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 2018 ची घरपट्टी.

कर किती टक्के घ्यायचा, हे महासभा ठरवते. कलम 99 प्रमाणे दरवर्षी 20 फेब्रुवारीच्या आत. पण हे टक्के ज्या रकमेवर लागतात ते करयोग्य मूल्य ठरवणं हा आयुक्तांचा अधिकार आहे. समजा तुमच्या घराचं वार्षिक भाडेमूल्य 20,000 रुपये धरलं. दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा होतात, राहिलं करयोग्य मूल्य 18,000. सगळे कर मिळून दर 40 टक्के मानला तर पट्टी येते 7,200. आता महासभेने दराला हातही लावला नाही, पण आयुक्तांनी चौरस मीटरमागचं भाडेमूल्य दुप्पट केलं, तर करयोग्य मूल्य 36,000 आणि पट्टी 14,400. दर तोच, पट्टी दुप्पट. 2018 मध्ये तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनी या मूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जमिनीही त्यात आल्या, आणि शहरात रान उठलं. सभागृह म्हणत होतं, करवाढ हा आमचा विषय आहे. प्रशासन म्हणत होतं, आम्ही कर वाढवलाच नाही, मूल्य ठरवलं. कायद्याच्या अक्षरात पाहिलं तर दोघांच्याही हातात काहीतरी होतं. वाद अविश्वास प्रस्तावापर्यंत गेला. कलम 36 प्रमाणे एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांश जणांनी खास सभेत मत दिलं, तर शासनाला आयुक्त परत बोलवावाच लागतो. नाशिकच्या 122 च्या सभागृहात म्हणजे किमान 77 जण. प्रत्यक्ष मतदान झालं नाही, आणि नोव्हेंबर 2018 मध्ये शासनाने बदली केली. सभागृहाकडे एवढं मोठं हत्यार आहे, पण ते उपसायचं की नाही याचे निर्णय बहुतेक वेळा नाशिकबाहेर होतात.

आता तुमच्या गटारीकडे येतो.

कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत: पाणीपुरवठा, गटारं, साफसफाई, सार्वजनिक रस्ते, दिवे, अग्निशमन, स्मशानभूमी, जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शिक्षण, धोकादायक इमारती उतरवणं. कलम 66 मध्ये ऐच्छिक कामं आहेत: बागा, ग्रंथालयं, तरणतलाव, नाट्यगृहं, बससेवा. महाकवी कालिदास कलामंदिर, पांडवलेणीच्या पायथ्याचं फाळके स्मारक, 2021 मध्ये सुरू झालेली सिटीलिंक बससेवा, ही सगळी या दुसऱ्या यादीतली. ती कामं नकोत असं मी म्हणत नाही. कलामंदिर नसतं तर नाशिक फार गरीब झालं असतं. पण पैसे कमी पडले की आधी कुठे हात आखडता घ्यायचा, हे कायद्याने सांगून ठेवलंय. तुमचं गटार कलम 63 मध्ये बसतं, म्हणून ‘निधी नाही’ हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात हेच सांगितलं. उघड्या गटारांच्या त्रासाने लोक दंडाधिकाऱ्यांकडे गेले होते, नगरपालिका म्हणाली पैसे नाहीत, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या पीठाने ती सबब मान्य केली नाही. अर्जात कलम 63 आणि या निकालाचा उल्लेख जरूर करा. त्याने उद्या जेसीबी येणार नाही, पण लेखी उत्तरात ‘निधी नाही’ एवढंच लिहून मोकळं होणं अधिकाऱ्याला अवघड जातं.

‘महासभेत ठराव झालाय’ या वाक्याचा नेमका अर्थ समजून घ्या. नगरसेवक खरंच सांगत असतील. पण महासभेची मान्यता हा मधला टप्पा आहे. आधी कनिष्ठ अभियंता जागेवर येऊन मोजमाप घेतो आणि प्राकलन करतो, म्हणजे किती मीटर, कुठल्या व्यासाचे पाइप, किती चेंबर, दरसूचीप्रमाणे रक्कम किती. ते उपअभियंता, कार्यकारी अभियंता असं वर जातं. रकमेप्रमाणे तांत्रिक मंजुरी मिळते. लेखा विभाग शेरा मारतो की या कामाला अमुक लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या अमुक खात्यात, तरतूद आहे. त्यावर प्रशासकीय मान्यता, महासभेचा ठराव या टप्प्यावरचा. मग निविदा. ठरावीक रकमेच्या वरचा ठेका असेल तर स्थायी समितीची मंजुरी. त्यानंतर करारनामा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश. तुमचं काम यातल्या कुठल्या पायरीवर अडलंय, हा एकच प्रश्न सगळ्यांना विचारा, बाकी चर्चा सोडा.

माझा अंदाज, ते लेखाशीर्षावर अडलंय. अंदाजपत्रकात तरतूद नसेल तर महापालिकेच्या तिजोरीतून रुपया देता येत नाही, मग महासभेचा ठराव एकमताने झालेला असो. त्यात नाशिकमध्ये ‘दायित्व’ नावाचं जुनं दुखणं आहे. मागच्या वर्षांत मंजूर होऊन सुरू झालेल्या कामांची देणी नव्या वर्षाच्या तरतुदीतून आधी जातात. कागदावर पावसाळी गटारींसाठी मोठा आकडा दिसतो, पण त्यातून दायित्व वजा केलं की नव्या कामांना उरतं फार थोडं. सभागृहात ठराव करणं सोपं असतं, तरतूद शिल्लक आहे का हे पाहणं कष्टाचं असतं. विभागीय कार्यालयातल्या माणसाने तुम्हाला खरंच उत्तर दिलंय, फक्त अर्धं. त्याला विचारा: लेखाशीर्ष कोणतं, मूळ तरतूद किती, दायित्व किती, शिल्लक किती? तो सांगणार नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, आणि प्रती मागण्याऐवजी फाईलची पाहणी मागा. फाईल समोर उघडली की डावीकडच्या टिप्पणीच्या पानांवर प्रत्येकाचा शेरा तारखेसह असतो. कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे पाच मिनिटांत कळतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या भागापुरती. तुमचं पाणी शेवटी जातं कुठे? पाथर्डी फाटा मुंबई–आग्रा महामार्गावर आहे. उतार महामार्गाच्या सर्व्हिस रोडकडे असेल, तर तिथली गटार राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची. महापालिकेने कॉलनीत पाइप टाकला तरी पुढे जोडायला त्यांची परवानगी लागते. नाशिकच्या नकाशावर असे तुकडे ठिकठिकाणी आहेत. देवळाली कॅम्प महापालिकेत नाही, ते कॅन्टोन्मेंट आहे आणि त्याचा कायदा केंद्राचा. सातपूर–अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बांधकाम परवानगी आणि पाणी एमआयडीसी पाहते, कर महापालिका घेते. गंगापूर धरण जलसंपदा विभागाचं, पाणी शुद्ध करून नळाला देण्याचं काम महापालिकेचं. येत्या सिंहस्थासाठी 2025 मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरण नेमलं गेलं. स्मार्ट सिटीची कामं तर कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीने केली. यातल्या प्रत्येक संस्थेच्या स्थापनेला काही कारण होतं, पण नागरिकाला खड्ड्यासमोर उभं राहून आधी त्या रस्त्याचा सातबारा शोधावा लागतो. शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांसाठीची 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 रोजी लागू झाली, बाराव्या अनुसूचीत 18 विषय आले, आणि शहराचा कारभार शहराकडे येईल असं वाटलं होतं. कामं आली. पैसा आणि अधिकार पुरेसे आले नाहीत. जकात गेली, 2013 मध्ये आलेली एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेली, आणि जुलै 2017 पासून जीएसटीच्या भरपाईचा धनादेश दरमहा मुंबईहून येतो. तो वर्षाला 8 टक्क्यांनी वाढतो. शहर किती वेगाने वाढतंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आस्थापना खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगारावरचा खर्च, 35 टक्क्यांच्या वर गेला की नोकरभरतीही अडते. म्हणून कनिष्ठ अभियंता तुमच्या कॉलनीत लवकर येत नाही, एकाच माणसाकडे खूप मोठा भाग असतो.

सभागृहाने केलेला ठराव शासन कलम 451 खाली स्थगित करू शकतं आणि म्हणणं ऐकून विखंडित म्हणजे रद्दही करू शकतं. तुमच्या विषयात ही वेळ येणार नाही, पण ‘महासभा सर्वोच्च’ असं भाषणात ऐकलं तर हे कलम लक्षात ठेवा.

आयुक्तांचा एक अधिकार मात्र तुमच्या उपयोगाचा आहे: कलम 67 (3) (सी). आणीबाणीत लोकांच्या सुरक्षिततेसाठी आयुक्त कुठल्याही मंजुरीची वाट न पाहता काम करू शकतात. अट एवढीच, की काय केलं आणि का केलं हे ताबडतोब स्थायी समितीला आणि महासभेला कळवायचं. पूर आला, भिंत पडली, पूल खचला, अशा वेळेसाठी हे आहे. दर जूनमध्ये येणारं पाणी ही आणीबाणी नव्हे. ते डिसेंबरातही माहीत असतं. मोठी कामं या कलमात बसवण्याचा मोह प्रशासनाला होतो, आणि स्पर्धा न होता दिलेल्या ठेक्यांवर मग लेखापरीक्षणात आक्षेप येतात. मुख्य लेखापरीक्षक स्थायी समितीला अहवाल देतात. त्यांची नेमणूक आयुक्त करत नाहीत, सभागृह करतं, नगरसचिवांचीही तशीच. आयुक्तांच्या हाताखाली नसलेली दोन माणसं इमारतीत हवीत, असं कायदा करणाऱ्यांना 1949 मध्ये वाटलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तेव्हा तात्पुरता पंप, साचलेला गाळ काढणं एवढं आयुक्तांकडून तातडीने मागा. कायमचं गटार रीतसर निविदेतूनच होऊ द्या.

कर्तव्य आणि अधिकार एकाच हातात असले की काय होतं, हे जुन्या नाशकातल्या वाड्यांवर दिसतं. दर वर्षी पावसाच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना कलम 264 ची नोटीस निघते. हा थेट आयुक्तांचा अधिकार, विभागीय अधिकारी त्यांच्या वतीने बजावतात. ना महासभा, ना स्थायी. नगरसेवक ती थांबवू शकत नाहीत. वाडा अतिधोकादायक ठरला तर रिकामा करवून घेता येतो. पण घरमालक–भाडेकरू वाद असेल तर दोघेही नोटिशीला घाबरतात. एकाला वाटतं जागा कायमची जाईल, दुसऱ्याला वाटतं खर्च गळ्यात पडेल, आणि मध्ये पावसाळा निघून जातो. अशा वाड्यात कोणी ओळखीचं राहत असेल तर त्यांना सांगा: घर सोडण्याआधी आपल्या ताब्यातलं क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून लेखी घ्या. वाडा उतरवला म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, पण मोजमाप नसेल तर तो सिद्ध करणं फार कठीण जातं.

तुम्ही नेमकं काय करायचं? शहरात सहा विभाग आहेत आणि विभागांनुसार प्रभाग समित्या. प्रभाग समितीत तुमच्या प्रभागाचे नगरसेवक आणि विभागीय अधिकारी एकाच खोलीत बसतात, इतिवृत्त लिहिलं जातं. तुमचा विषय आधी तिथे लेखी जाऊ द्या. बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे आहेत, त्यामुळे जबाबदारी एकमेकांवर ढकलली जाते. चौघांच्या नावाने एकच पत्र द्या आणि चौघांकडून पोच घ्या. पत्रात ‘पावसाळी गटार’ असंच लिहा. नुसतं ‘ड्रेनेज’ लिहिलंत तर पत्र मलनिस्सारण विभागाकडे भुयारी गटारीचा विषय म्हणून जाईल आणि तिकडून ‘आमचं काम नाही’ असा शेरा घेऊन परत येईल. सोबत पाणी साचल्याचे तारखेसह फोटो, उताराची दिशा दाखवणारा हाताने काढलेला नकाशा, आणि रस्ता महापालिकेच्या ताब्यात असल्याचा पुरावा. लेआउट मंजूर असेल तर रस्ता हस्तांतरित झालाय का, हे नगररचना विभागातून तपासून घ्या. हस्तांतरण राहून गेलं म्हणून कामं अडलेल्या कॉलन्या सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत सापडतील, आणि रहिवाशांना त्याचा पत्ताही नसतो.

वेळेचं मात्र सांभाळा. जूनमध्ये गुडघाभर पाण्यात उभं राहून दिलेलं निवेदन वर्तमानपत्रात येतं, अंदाजपत्रकात येत नाही. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला देतात, स्थायी त्यात भर घालते, महासभा 31 मार्चच्या आत मंजूर करते. आयुक्तांचा मसुदा हिवाळ्यातच आकार घेतो. तेव्हा दिवाळी झाली की लगेच प्राकलन करून घ्यायला कनिष्ठ अभियंत्याच्या मागे लागा, त्यांच्याबरोबर जागेवर उभे राहा. प्राकलनाची रक्कम हातात असेल तर तुमचं काम नावानिशी अंदाजपत्रकात घ्या असं सांगता येतं, नाहीतर ते ‘विविध प्रभागांत पावसाळी गटार टाकणे’ या ढोबळ ओळीत विरघळतं. स्थायी समितीचे 16 सदस्य असतात, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. आपल्या विभागातलं कोण यंदा स्थायीवर आहे हे नगरसचिव कार्यालयातून विचारून घ्या, आणि फेब्रुवारीत त्या सदस्याला एकदा सोसायटीत बोलावून पार्किंगच्या भिंतीवरची पाण्याची खूण दाखवा.